प्रकल्पाला विषय कोणता घ्यावा?



नेकनूरच्या बालवर्गातील मुलांनी सहा आठवडे 'दोरी' या विषयावर प्रकल्प केला, अशी दोन ओळींची बातमी मागच्या अंकात आली होती. त्यावर काही पत्रे आली. एका मंडळीतील वडील सभासदांनी तर फोनच केला. "बाई, आम्ही देणगी पाठवतो ती पालावरच्या पोरांना जगाचं ज्ञान मिळावं म्हणून. तुम्ही सहा आठवडे दोरी शिकवता?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, काळजीने विचारला होता. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे. शाळेत किंवा शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्याचा उपयोग होईल, असेही वाटते.

आधी 'प्रकल्प' या शब्दाविषयी. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांच्याबरोबर प्रकल्पालाही जागा मिळाली. हेतू चांगलाच होता. पण घरोघरी त्याचे काय झाले ते आपण जाणतोच. मूल रात्री नऊ वाजता सांगते की उद्या प्रकल्प द्यायचा आहे. मग वडील स्टेशनरीच्या दुकानात जाऊन 'फळे' किंवा 'वाहतुकीची साधने' असा चित्रतक्ता आणतात, आई चित्रे कापते, ताई मथळे लिहिते आणि मूल झोपून जाते. प्रकल्प आईचा, गुण मुलाचे. हे ज्या घरी चालते त्या घराचे फारसे बिघडत नाही. पालावरच्या घरात मात्र कात्री नाही, डिंक नाही आणि मथळा लिहिणारे कोणी नाही. ते मूल रिकाम्या हाताने येते आणि मागे बसते. पुढच्या वेळी प्रकल्प द्यायच्या दिवशी ते येतच नाही. आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांची मोठी भावंडे शाळेतून अशीच हळूहळू सुटली. एकदम कोणी शाळा सोडत नाही. आधी एक दिवस चुकतो, मग आठवडा.

खरा प्रकल्प म्हणजे मुलांनी स्वतः केलेला शोध. एखादी गोष्ट हातात घ्यायची, तिच्याविषयी काय ठाऊक आहे ते आधी सांगायचे, काय ठाऊक नाही ते प्रश्न म्हणून मांडायचे, मग पाहायला जायचे, जाणकाराला विचारायचे, मोजायचे, चित्र काढायचे, मातीत घडवायचे आणि शेवटी घरच्यांना बोलावून दाखवायचे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर लिहिले. लहान मुलांसाठी ती कशी वापरावी हे लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात बारकाईने मांडले. पण आपल्याला इतक्या दूर जायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, त्यात हीच दृष्टी होती. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणात शाळा भरवली. 'अंगणवाडी' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्याच कामातून आला आहे.

पद्धत मान्य झाली तरी विषयाचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या अनुभवात नव्वद टक्के यश-अपयश तिथेच ठरते. हे मी एका चुकीतून शिकले.

आमच्या वर्गात पूर्वी 'आपले मदतनीस' हा विषय घेतला होता. पोस्टमन, डॉक्टर, पोलीस. विषय पुस्तकी होता, निरुपद्रवी दिसत होता. विषयांच्या यादीवर मीच सही केली होती. आमच्या ताईंनी हौसेने पुठ्ठ्याच्या खाकी टोप्या केल्या. एका मुलाच्या डोक्यावर टोपी चढवली, हातात काठी दिली आणि 'मी पोलीसदादा' असे म्हणायला सांगितले. समोर बसलेली पारधी वस्तीवरची सहा वर्षांची मुलगी उठली आणि सतरंज्यांच्या ढिगामागे जाऊन बसली. ती रडली नाही. तिथून बाहेरही आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीवरचे एकही मूल आले नाही, पुढचे चार दिवस आले नाही.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. परिसरात चोरी झाली की गाडी आधी पालांकडे वळते, ही गोष्ट त्या मुलीने कोणाकडून ऐकलेली नव्हती, पाहिलेली होती. तिच्या दृष्टीने वर्गात आलेली ती टोपी म्हणजे बापाला उचलून नेणारी टोपी. मी स्वतः वस्तीवर जाऊन तिच्या आजीची माफी मागितली. आजी म्हणाली, "तुमचं चुकलं नाही बाई, तुम्हाला माहीतच नव्हतं." माहीत असायला हवे होते. ते माहीत असावे म्हणूनच तर आम्हाला इथे पाठवले आहे.

तेव्हापासून कोणताही विषय घेण्याआधी ताई आणि मी वस्तीवर एक फेरी मारतो. विचारायचे एवढेच असते की या विषयावर बोलताना कोणत्या घरात मान खाली जाईल का? 'माझे घर' हा विषय तसाच. दार, खिडकी, स्वयंपाकघर यांची नावे लिहा म्हटले की पालात राहणारे मूल दुसऱ्याच कोणाचे तरी घर काढते. 'माझे कुटुंब' विषयात वडील तुरुंगात असलेल्या मुलाने काय काढायचे? असे विषय कधीच घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण सुरुवात तिथून नको.

याच्या उलटाही एक धोका आहे. मुलाला जे उत्तम येते तेच घ्यावे, असे आपल्याला वाटते. फासेपारधी मुलांना तित्तिर-लाव्यांचे ज्ञान आपल्या कोणाहीपेक्षा जास्त आहे. आवाजावरून पक्षी सांगतात, मातीतल्या ठशावरून तो कधी गेला ते सांगतात. आमच्या नव्या ताईंना वाटले, 'फासे' हाच प्रकल्प घेऊ, मुले खुलतील. मुले खुलली असती यात शंका नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. मुलांनी भिंतीवर लावलेली चित्रे आणि "माझे बाबा असे पकडतात" अशी वाक्ये ही उद्या कोणाच्या हाती लागतील? वर्गाने घरच्यांविरुद्ध पुरावा गोळा करू नये. म्हणून आम्ही विषय थोडा सरकवला. 'पक्ष्यांच्या पाऊलखुणा' घेतल्या. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ठसे पाहिले, वहीत काढले, कोणाची बोटे किती आणि कोणाचे नख किती लांब ते मोजले. ज्ञान तेच वापरले गेले आणि कोणाच्या घराला धक्का लागला नाही.

आता दूरच्या विषयांबद्दल. मागे एका मंडळीने प्रेमाने खेळण्यांची मोठी पेटी पाठवली. त्यात डायनोसॉर होते, शार्क होते, पेंग्विन होते. मुले त्यांच्याशी अजून खेळतात, त्याबद्दल आभार. पण 'समुद्रातील प्राणी' हा नेकनूरमध्ये प्रकल्प होऊ शकत नाही. मुलांनी प्रश्न विचारला, "शार्क झोपतो का?" तर पाहायला जायचे कुठे? उत्तर ताईंनी मोबाइलमधून द्यायचे आणि मुलांनी ऐकायचे. म्हणजे पुन्हा पाठांतरच. मोठ्या वर्गात पुस्तकातून शोध घेता येतो, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक म्हणजे त्याचे हात, डोळे आणि नाक. वस्तू पुन्हा पुन्हा जाऊन पाहता आली पाहिजे. एकदा सहलीत पाहिलेले पुरत नाही, कारण खरे प्रश्न दुसऱ्या भेटीनंतर पडू लागतात.

यावर कोणी विचारतात, मग नोहाचे तारू का नाही? प्राणी आहेत, पाणी आहे, मुलांना आवडते. तारवाची गोष्ट जरूर सांगावी, ती गोष्ट म्हणूनच सांगावी. शोध घ्यायला तिथे काही नाही, आणि शोधाच्या नावाखाली धर्मशिक्षण द्यावे हे मला पटत नाही. या मुलांचे पालक विश्वासाने त्यांना आमच्याकडे सोडतात, त्या विश्वासाचा मान राखायला हवा. उलट मला वाटते की पवित्र शास्त्राकडून शिकायचे असेल तर विषयांची निवडच शिकावी. मत्तयाचा तेरावा अध्याय उघडून पाहा. पेरणी, निदण, मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, मासे धरायचे जाळे. प्रभूने ऐकणाऱ्यांच्या हाताखालच्या वस्तू घेतल्या. नीतिसूत्रांत आळशी माणसाला मुंगीकडे पाठवले आहे, सिंहाकडे नाही. मुंगी दाराशीच सापडते.

विषयाचा आकार हीदेखील मोठी गोष्ट आहे. 'पाणी' हा विषय फार मोठा आहे, त्यात मूल बुडते. 'हातपंप' घ्यावा. दांडा किती वेळा हलवला की घागर भरते, पहिले पाणी यायला वेळ का लागतो, उन्हाळ्यात आवाज का बदलतो. 'ऋतू' नको, अंगणातले कडुनिंब घ्या. 'बाजार' आम्ही एकदा घेतला. नेकनूर हे मांजरसुंबा-केज रस्त्यावरचे आठवडी बाजाराचे गाव, जनावरांचाही बाजार भरतो. विषय दाराशी होता, पण गर्दीत तीस प्रश्न तीस दिशांना गेले आणि आम्ही दमलो. त्यातून एकच गोष्ट हाती लागली. जनावरांच्या बाजारात मुले सारखी दावी, कासरे, वेसणी यांच्यापाशी थांबत होती. तिथून दोरी आली.

तर दोरीविषयी.

पहिल्या दिवशी ताईंनी फक्त विचारले, घरी दोरी कुठे कुठे आहे? पालाला ताणलेली, झोळीला, शेरडाच्या गळ्यात, बाजेला, विहिरीच्या बादलीला, आजीच्या शिंक्याला, कमरेच्या करदोट्यापर्यंत. सत्तावीस ठिकाणे झाली. मुलांनी आपापल्या बोलीतले शब्द सांगितले, ते फळ्यावर आधी लिहिले आणि मराठी शब्द शेजारी. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुले त्या दिवशी ताईंची शिक्षक झाली. मग प्रश्न आले. दोरी कशाची असते? तुटते का? भिजली तर? आणि एकाचा सर्वांत चांगला प्रश्न होता, "एवढाले लहान धागे एवढी मोठी दोरी कशी होतात? आत लांब धागा असतो का?"

दोरी उलगडून पाहिली. आत लांब धागा नव्हता, वीत-दोन वीत तंतू होते. मुलांचा विश्वास बसेना. मग न वळलेल्या तंतूंची जुडी ओढून पाहिली, ती सरकन सुटली. तेवढेच तंतू पीळ देऊन ओढले, सुटले नाहीत. पीळ दिल्यावर तंतू एकमेकांना घट्ट दाबतात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत, हे शब्द आम्ही वापरले नाहीत. एक मुलगा म्हणाला, "ते एकमेकाला धरून बसलेत." एवढे पुरे होते. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात तीनपदरी दोरीचा उल्लेख आहे, तो तुम्हांला आठवेल. मुलांनी एकपदरी, दुपदरी, तिपदरी सुतळीला बादली बांधून खडे टाकत मोजले. दहा-दहाचे ढीग लावले. गणिताचा तास वेगळा घ्यावा लागला नाही. नायलॉनच्या दोरीने भरलेली बादलीही सहज पेलली, तेव्हा मुले जरा खट्टू झाली, जणू कोणी खेळात फसवले. पण दोन दिवसांनी त्यांच्याच लक्षात आले की नायलॉनची गाठ सरकते.

याच ठिकाणी अडचण आली. एका मुलाचे वडील वर्गावर आले. ते आदिवासी नव्हते. आपल्याकडे दोरखंड वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते, त्या समाजातले. आपल्या मंडळ्यांतल्याही अनेक घरांना हा इतिहास परका नाही. ते म्हणाले, "बाई, माझ्या आज्यानं अख्ख्या गावाचे दोर वळले, सुपभर जवारीवर. पोरगं शाळेत घातलं ते परत दोर वळायला का?" त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते आणि आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी त्यांना वर्गात बसवले. मुले खडे मोजत होती, चित्रे काढत होती, कोणत्या गाठीला काय म्हणतात यावर भांडत होती. ते पाऊण तास बसले. जाताना म्हणाले की नायलॉनचे दावे जनावराच्या गळ्याला काचते, त्वचा कापते, हे पोरांना सांगा. ते स्वतः मात्र सांगायला आले नाहीत. मुलाचे नाव त्यांनी काढले नाही, इतकेच. वस्तीवर फेरी मारताना आम्ही फक्त पारधी आणि भिल्ल घरांत गेलो होतो, त्यांच्या घरी गेलो नव्हतो. चूक तीच, फक्त पत्ता वेगळा.

पाचव्या आठवड्यात पारधी वस्तीवरचे एक आजोबा आले. शाळेच्या उंबऱ्याच्या आत ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, असे त्यांनीच सांगितले. त्यांनी घायपाताची पाने आठवड्याहून अधिक दिवस पाण्यात कुजवून, ठेचून, धुऊन, वाळवून तंतू काढून आणले होते. ओल्या पानांना मुलांना हात लावू दिला नाही, कारण त्या चिकाने हात खाजतात. मांडीवर तंतू वळत त्यांनी बघता बघता हातभर दोरी काढली. त्या दोरीने ते एरवी काय करतात हे कोणी विचारले नाही. मुलांनी विचारले, "तुमच्या मांडीला लागत नाही का?" आजोबा हसले आणि म्हणाले, लागत होते, तुमच्याएवढा होतो तेव्हा. सतरंज्यांमागे लपलेली ती मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. ती त्यांची नात.

फोन करणाऱ्या वडिलांना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या आडाचा नाडा माझ्या बापानं वळलेला होता." पुढचा अर्धा तास आम्ही नाड्याविषयी बोललो.

विषय निवडताना आमच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे दिनदर्शिका. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. कित्येक मुलेही बरोबर जातात, उरलेली आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. परत यायला एप्रिल-मे उजाडतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये सुरू केलेला मोठा प्रकल्प आमच्याकडे अर्धा तुटतो. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत जे होईल ते खरे. 'ऊस' हा विषय मुलांना तोंडपाठ आहे. कोयता, मोळी, वाढे, कोपी, टायरगाडी यांची चित्रे ती न सांगता काढतात. पण आईबाप नुकते गेलेले असताना तो विषय घेणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे आहे. आम्ही तो उन्हाळ्यात, सगळे परतल्यावर घेतो. तेव्हा बापच वर्गात येऊन मोळी कशी बांधतात ते दाखवतो.

यंदाचा पावसाळ्याचा विषय सीताफळ ठरला आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे मुलांना ठाऊक नाही, पण बालाघाटाच्या कोणत्या उतारावरचे फळ गोड हे ठाऊक आहे. जूनमध्ये फुलोरा, मग हाताच्या बोटाएवढे फळ, मग डोळे उघडू लागणे, असे तीन-चार महिने एकाच झाडाकडे जाता येईल. डोळे किती, बिया किती, जितके डोळे तितक्या बिया असतात का, हा प्रश्न एका मुलीने आताच विचारून ठेवला आहे. एक काळजी घ्यावी लागणार आहे. बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, म्हणून बिया मोजायच्या, फोडायच्या नाहीत. आज्या ती पूड उवांसाठी वापरतात, ते त्यांच्याकडूनच ऐकू.

काय पाठवू, असे विचारणाऱ्यांसाठी सांगते. तयार तक्ते नकोत. हाताने धरायची भिंगे दहा, एक तागडी वजनांसह, मापनपट्ट्या, आणि खिशात मावतील अशा पन्नास कोऱ्या वह्या, दोऱ्याने शिवलेल्या, म्हणजे पाने सुटत नाहीत. त्या वह्या मुले ऊसतोडीला जाताना बरोबर नेतील. गेल्या वर्षी एक वही कोपीवरून परत आली, तिच्यात अठरा पाने वेगवेगळ्या गाठींची चित्रे होती. आणि फळे दसऱ्याच्या आत डोळे उघडावीत म्हणून प्रार्थना करा. गाड्या निघायच्या आधी मुलांना बिया मोजून व्हायला हव्यात.